एका वेलांटीचे नऊ तास

एक वेलांटी दुरुस्त करायला किती वेळ लागतो? तुम्ही म्हणाल, चुटकीसरशी होईल. शर्वाणीलाही तसंच वाटलं होतं, आणि त्याची रुखरुख तिला आजही आहे.

गोष्ट २०५३ सालची. धरणाच्या जलाशयातल्या एका बेटावर नदीसुरय पक्ष्यांची घरटी होती. शर्वाणीचे आजोबा पक्षीशास्त्रज्ञ. त्यांची रोबो-मदतनीस टिटवी ही ड्रोनने काढलेल्या लाखभर फोटोंतली घरटी मोजायची आणि अहवाल लिहायची. मोटारबोटींना बेटापासून लांब ठेवायचं का, हे त्या दिवशी पाचच्या बैठकीत ठरणार होतं. अहवाल सकाळी नऊलाच तयार झाला.

"टिटवी, 'नदिसुरय' चुकलंय. दी दीर्घ कर," शर्वाणी ऐटीत म्हणाली.

"करते," टिटवी म्हणाली. तिने जुना अहवाल पुसला आणि येरे माझ्या मागल्या! पहिल्या फोटोपासून मोजायला बसली. तशी आजोबांचीच शिस्त होती. तेच फोटो दिले की कुणालाही तोच अहवाल मिळायला हवा, म्हणून दरवेळी सगळं मुळापासून.

पाचची बैठक अहवालावाचूनच संपली, बोटींना कुणी अडवलं नाही. अहवाल आला सहाला. वेलांटी अगदी बरोबर होती.

पुढच्या आठवड्यात बोटींच्या लाटांनी काठावरची घरटी वाहून गेली. शर्वाणी जेवेना.

"माझ्यामुळे झालं, आजोबा."

"तुझ्यामुळे नाही गं, माझ्या आळसामुळे. टिटवीला शिकवायचं राहूनच गेलं. वरणाची फोडणी बदलायची, तर आपण डाळ पुन्हा शिजवतो का?"

"नाही. ती शिजलेली असतेच की."

"तसं मोजणीचं उत्तर साठ्यात (आधी काढलेलं उत्तर जपून ठेवायच्या जागेत) ठेवायचं. नुसते शब्द बदलले, तर तेच वापरायचं."

शर्वाणी विचारात पडली. "पण फोटोच नवे आले तर? ती शिळंच वाढेल!"

"शाब्बास! म्हणून उत्तरासोबत ठसा (माहितीवरून काढलेली खूण, माहिती जराशी बदलली की तीही बदलते) ठेवायचा. फोटोंचा आणि मोजायच्या रीतीचाही. ठसा जुळला तर साठ्यातलं उत्तर घ्यायचं, नाहीतर पुन्हा मोजायचं."

दोघांनी टिटवीला तसं शिकवलं. तिने जुने फोटो एकदा मोजून उत्तर साठ्यात ठेवलं. शर्वाणीने मुद्दाम एक वेलांटी बदलून पाहिली. अहवाल दोन सेकंदांत आला. तिला रडूच फुटलं. इतकं सोपं होतं!

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबांनी बेटाचे ताजे फोटो दिले.

"ठसा जुळत नाही. पुन्हा मोजते," टिटवी म्हणाली.

या वेळचे नऊ तास शर्वाणीला खुपले नाहीत. ती तिथेच बसून राहिली.

"आधीची घरटी दोनशे बारा," टिटवीने सांगितलं. "आता एकोणीस."

मग आजोबा हळूच म्हणाले, "सोमवारी पुन्हा बैठक आहे."

शर्वाणीने डोळे पुसले. अहवालात एक काना राहिला होता. तिने तो दिला, आणि त्याच मिनिटाला एकोणीस घरट्यांचा अहवाल पाठवून दिला.