बाबुलीकाकांचं वळण

मालवणच्या समुद्रभिंतीखाली उतरणाऱ्या चाळीसही पाणबुड्यांचे हार्नेस एकाच माणसाच्या मापाने मांडलेले असत, आणि तो माणूस घरी झोपाळ्यावर बसून पेपर वाचत असे. बाबुली तांडेल त्याचं नाव. उंचीला बेताचा, छातीला रुंद. त्यामुळे ताडमाड दमयंती धुरी हार्नेस चढवी तेव्हा धाकट्या भावाचा सदरा घातल्यासारखी दिसे. पण तक्रारीची सोय नव्हती. टॉर्च उजव्या खांद्याच्या कडीला, दाबाची तबकडी कमरेच्या डाव्या कडीला, चाकू पोटाशी. हवेची लांब नळी दातांत, आणि दुसरी आखूड नळी रबराच्या फासात गळ्याशी. एखादी कडी दोन बोटं सरकली, तरी हात रिकाम्या पाण्यात चाचपडत बसे.

कारण हात ज्याचे त्याचे असले, तरी वळण बाबुलीकाकांचं होतं.

समुद्र वर चढला तेव्हा भिंत बांधली, भिंतीखाली भुयार केलं, भुयारात पाणी सोडायचे दरवाजे बसवले. मग लक्षात आलं की त्या गढूळ अंधारात उतरून दरवाजे साफ करणारी माणसंच नाहीत. असा पाणबुड्या तयार व्हायला वर्षं लागतात. डॉ. अश्लेषा नूलकरांनी ती पंधरा दिवसांवर आणली. त्या म्हणत, सायकल चालवणाऱ्याला तोल कसा सांभाळतोस असं विचारलं तर तो पडेल. सवयीचं काम विचार करणाऱ्या मेंदूकडे राहत नाही. मागच्या, लहान मेंदूकडे जातं. तिथे उरणाऱ्या खुणेला त्यांनी नाव दिलं, वळणठसा. बाबुलीकाकांच्या डोक्यावर टोपी चढवून त्यांच्याकडून सगळे सराव करून घेतले, ठसा उतरवला, आणि शिकाऊ झोपेत असताना चुंबकाच्या हलक्या ठोक्यांनी तो त्यांच्या मेंदूत उमटवला. शिष्यांना कष्ट नाहीत, गुरूला कटकट नाही. इतकं स्वस्त काम कुठेतरी महाग पडतंच.

ते भुयारात महाग पडलं. दमयंतीची लांब नळी छताला घासून फुटली आणि तिच्या टाकीतली सगळी हवा बुडबुडे होऊन निघून गेली. जोडीदार उत्तम रेडकर हाताच्या अंतरावर होता. अशा वेळी ज्याच्याकडे हवा आहे त्याने आपल्या तोंडातली नळी द्यायची, दुसऱ्याने ती घ्यायची, मग देणाऱ्याने गळ्यातली आखूड नळी तोंडात धरायची. उत्तमच्या हाताने नळी पुढे केली. दमयंतीच्या हातानेही पुढे केली, फुटलेली, रिकामी. आणि समोरचा घेईपर्यंत हात मागे घ्यायचा नाही, ही काकांची सवय. लग्नाच्या पंगतीत दोन व्याही एकमेकांना आग्रह करतात, तसे दोघे काळ्या पाण्यात नळ्या पुढे करून राहिले. दोघांची तोंडं रिकामी.

दमयंतीने मान पुढे काढली आणि उत्तमच्या हातातली नळी दातांनी ओढली. तोंडाला कोणी वळण लावलेलं नव्हतं, म्हणून ती वाचली.

दुसऱ्या दिवशी तिने नारळाच्या गोड रसातल्या खापरोळ्या केल्या आणि डबा घेऊन उत्तमकडे गेली. उत्तम डब्याकडे बघेना. शेवटी म्हणाला, "खरा सांगू? मी तुका दिलंयच नाय. मी नळी घट्ट धरून ठेवणार होतंय. हातच फुडे गेलो. डबो काकांका नेऊन दी."

काका म्हणाले, त्या वेळी मी आंघोळ करत होतो, माझे कसले आभार, उत्तमलाच दे. डबा दोन घरांत फिरत राहिला. दमयंतीला कळेना की आपला जीव नक्की कोणी वाचवला. शेवटी काकांचा धाकटा भाऊ आणि एकेकाळचा पाण्यातला जोडीदार मुकुंद याने खापरोळ्या खाऊन प्रश्न मिटवला. मुकुंदने गावात कोणाची छत्री परत केल्याचं कोणाला आठवत नाही.

डॉ. नूलकर काकांकडे आल्या तेव्हा दमयंती तिथेच होती. हात घेत का नाहीत, हे त्यांना समजत नव्हतं. त्यांनी काकांना विचारलं, तुम्ही पाण्यात दुसऱ्याची हवा कधी घेतलीत?

"माका घेवची पाळीच कधी इली नाय," काका म्हणाले. "माझी हवा संपाकच नाय. मुकुंदाची संपायची. मी देयत रवलंय."

काकांनी न केलेली गोष्ट ठशात येणार कुठून? चाळीस माणसांना द्यायला येत होतं, घ्यायला एकालाही नाही.

मग टोपी मुकुंदच्या डोक्यावर चढली. "पयल्यांदाच कोणतरी माझ्याकडसून काय घेवक इला," तो म्हणाला, आणि मनापासून खूश झाला.

दमयंतीने डॉक्टरांना आडून विचारलं, की हे आम्ही सराव करून, आमचं आम्ही शिकलो तर? डॉक्टर म्हणाल्या, शिकाल, पण हातांना आधी काकांना विसरावं लागेल. त्याला वर्षं जातील, आणि दरवाजे तोवर गाळाने बंद. नको असेल तर किनाऱ्यावरचं काम आहे.

"हात माझेच असत," दमयंती म्हणाली, "पण माझा आयकनत नाय. आता आणि एक जण इलो तर ते कोणाचा आयकतले?"

"जो ठसा आधी जागा होईल त्याचं. हवा असेल त्याच्यात काका, संपली असेल त्याच्यात मुकुंद."

हिशोब सरळ होता. रिकाम्या नळीचा तो क्षण दमयंतीला पुन्हा नको होता. तिने ठसा घेतला, उत्तमनेही घेतला. तलावातल्या चाचणीत उत्तमने दिलं, तिने घेतलं. मग उलट. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. मुकुंद पाण्यात हवा संपायची वाट बघत असे का, हे मात्र कोणी विचारलं नव्हतं. काकांना माहीत होतं. मुकुंद घाबरला की दुसऱ्याची नळी घेई, आणि तो वरूनच घाबरून उतरे.

होडी भुयाराच्या तोंडाशी थांबली. उतरण्याआधी जोडीदारांनी एकमेकांचे हार्नेस तपासायचे असतात. खांद्याची कडी, कमरेची कडी, चाकू, गळ्यातली नळी. दमयंतीला आठवलं ते छत, आणि ती घाबरली. उत्तमचाही चेहरा उतरला होता. दोघांच्या टाक्या काठोकाठ भरलेल्या होत्या.

"उत्तम," ती हळू म्हणाली, "माझी नळी सोड."

त्याने खाली पाहिलं. त्याचा हात तिच्या लांब नळीवर आवळलेला होता. त्याने सोडायचा प्रयत्न केला, सुटेना. दमयंतीने त्याची बोटं एकेक करून उकलली. डाव्या हाताने. उजवा त्याच्या नळीवर होता.