जादा मणी

ताईने माळ तिसऱ्यांदा मोजली आणि तिचं डोकंच फिरलं. एकशे अठ्ठ्याहत्तर. मूळचे मणी एकशे एकाहत्तर.

"सिस्टर, माझ्या माळेत कोण मणी ओवतंय?"

"इथे श्वास घ्यायला सवड नाही, आणि मी मणी ओवत बसू?" सिस्टर सलाईन बदलत म्हणाली.

सात वर्षांची असताना ताईला रक्ताचा कॅन्सर झाला होता. टोचलेल्या प्रत्येक सुईला एक मणी, अशी तिच्या आईने तेव्हा माळ केली होती. ताई बरी झाली, आणि आता याच आजाराच्या मुलांची भीती घालवायची नोकरी करत होती. गळ्यात माळ घालून ती वॉर्डात फिरे. "बघ, एवढ्या सुया टोचून घेतल्या. आहे ना मी धडधाकट?" मुलंही प्रत्येक सुईनंतर आपापल्या माळेत मणी ओवत.

आठवडाभर मात्र एकही पोर सुईला रडलं नव्हतं. सगळे ताईचं कौतुक करत होते आणि ती वैतागली होती. तिच्या दंडावर कुठेतरी आपटल्यासारखे निळे डाग, आणि पोरं मणी ओवायचा कंटाळा करायला लागलेली.

"कालचा मणी कुठाय रे?"

"मला कुठे टोचलं?" एकाने हात पुढे केला. हातावर खूण नव्हती.

"थापा मारू नकोस," ताई खेकसली.

शेवटी तिने जादा मणी काढले, दोऱ्याला गच्च गाठ मारली आणि माळ कपाटात कुलूपबंद केली. त्या दिवशी वॉर्डात असा आकांत झाला की खालच्या मजल्यावरची माणसं बघायला आली.

सगळ्यात अवघड ठमीचं. सहा वर्षांची, मूठभर जीव. तिच्या पाठीतून पाणी काढायचं होतं. दोनदा तिने लाथा झाडून सगळ्यांना पळवलं होतं.

"आज झालंच पाहिजे," डॉक्टर म्हणाले. "त्याशिवाय पुढचं औषध देता येत नाही. आणि औषध थांबलं तर..."

ठमीची आई भिंतीला टेकून उभी होती.

"ताई, माळ घाल ना," ठमी म्हणाली.

"माळेने काय होणार आहे, बाई?"

"घाल."

ताईला भीती वाटली, सात वर्षांची असताना वाटायची तीच. पण त्या आईकडे बघून तिने मुकाट्याने कपाट उघडलं.

ठमी गुडघे पोटाशी घेऊन कुशीवर झोपली. ताईने तिचा हात धरला.

डॉक्टरांनी सुई घातली.

ठमीने हूं की चूं केलं नाही.

ताईच्या कंबरेत कळ घुसली. ओठ चावून ती तशीच उभी राहिली. हात सोडला नाही.

नळीत थेंब थेंब पाणी जमलं. सिस्टर पट्टी घेऊन वाकली, ती वाकूनच राहिली.

"डॉक्टर, टोचलंत कुठे?"

"अहो, आत्ता तर..." त्यांनी चष्मा पुसला. ठमीची पाठ कोरी होती.

ठमी पलंगावरून उतरली. तिने चादर नीट केली, उशी काढून खुर्चीवर ठेवली.

"ताई, झोप," ती म्हणाली. "तासभर उठायचं नाही हं. नाहीतर डोकं दुखतं."

सिस्टर ताईच्या मागे गेली. तिने ताईच्या कंबरेवरचा कपडा वर केला. मग हातातली छोटी पट्टी ठेवून तिने मोठ्या माणसांची पट्टी मागवली.