दुसऱ्या कॉफीचा मेसेज

कॅफेत मी कार्ड टेकवलं, यंत्र टिंग वाजलं आणि घास तोंडात जायच्या आत बाबांचा फोन.

"पुन्हा केक?"

आमच्या घरी सगळ्यांचं एकच खातं. कुणी काही घेतलं की काय घेतलं त्याचा मेसेज आईला नि बाबांना. त्यात आईनं बाबांची साखर बंद केलेली, त्यामुळे माझ्या केकवर त्यांचा जरा जास्तच डोळा.

मागे रांगेत कुणीतरी हसलं. वळून पाहिलं तर विस्कटलेले केस आणि चष्म्याची एक काडी चिकटपट्टीनं बांधलेली.

"सॉरी... पण मी तुमच्यासारखंच गिऱ्हाईक शोधतोय."

"आणि मी तुमच्यासारखं. समोर चष्म्याच्या दुकानात असते मी. चला, काडी बसवून देते."

काडी बसवता बसवता त्याचा धंदा कळला. क्रिप्टोवर चालणारी खाजगी डिजिटल रोकड. पैसे पोचतात, पण कुणी कुणाला दिले ते तिसऱ्याला दिसत नाही.

"म्हणजे चोरांची सोय," मी म्हटलं.

"गुंतवणूकदारही हेच म्हणतात. बाजारच नाही म्हणे याला." त्यानं डोळे बारीक करून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही खिडकीला पडदे लावता ना... चोर आहात म्हणून?"

एवढ्याशा स्क्रूला मी उगीचच खूप वेळ लावला.

मग माझे केक फोनमधल्या त्याच्या खाजगी रोकडीतून येऊ लागले नि घरचे मेसेज थांबले. "शहाणी झालीस," बाबा म्हणाले. दुकानात येणाऱ्या मावशींनी नवऱ्याच्या साठीची भेट गुपचूप घेतली, शेजारच्या काकांनी केसांचा कलप. ज्याला त्याला एवढंसं काहीतरी झाकायचं असतं, हाच तर बाजार! आणि रोजच्या कॉफीत 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, कळलंच नाही.

गुंतवणूकदार हो म्हणाले त्या दिवशी तो पावसात भिजत कॅफेत आला. खुर्चीवर बसला नि पहिलं हेच विचारलं.

"घरी सांगितलंस... माझ्याबद्दल?"

"नाही रे. क्रिप्टोवाला म्हटलं तर बाबा दारात उभं करणार नाहीत."

त्यानं चष्मा काढून पुसला. "पैसे झाकायला मीच शिकवलं तुला. पण मला झाकू नकोस गं."

हा माणूस मला हवा होता, आणि मी त्याला कलपासारखा लपवत होते. उठले, काउंटरवर गेले.

"दोन कॉफी, दोन केक." फोन खिशात टाकला, कार्ड काढलं.

"अगं, घरी मेसेज जाईल—"

"जाऊ दे."

टिंग. बसायच्या आत फोन.

"दोन कॉफी? दुसरी कुणाची?"

त्याचे कान लाल झाले होते.

"बाबा, मला आवडतो तो. क्रिप्टोवाला आहे. संध्याकाळी घरी आणते."

पलीकडे दार लोटल्याचा आवाज आला.

"बरं," बाबा हळूच म्हणाले. "येताना एक केक आण. आणि शेजारचे काका सांगत होते, कसलेसे पैसे निघालेत म्हणे... तुझ्या आईला मेसेज न जाणारे. त्यातून घे."

मी हसत सुटले. त्यानं टेबलावर माझा हात धरला. सगळे बघत होते. बघू देत.