डावीकडची तीन बोटं

दुपारचे तीन वाजले असतील. नर्सबाईंनी गाडी गॅरेजच्या दारात उभी केली आणि काच खाली करून म्हणाल्या, "मिस्त्री, पुढच्या चाकांतून घूंऽऽ असा आवाज येतोय. आजच बघाल का?"

"कधीपासून?"

"ही जुनी गाडी विकत घेतली तेव्हापासूनच. दोन महिने झाले. पण उद्या बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणायचंय. चाकाचं काही राहायला नको."

बाबांचा पाय मांडीपासून प्लास्टरमध्ये होता. तो लांब करून बसायला या चिमुकल्या गाडीत एकच जागा होती, पुढची डावी सीट. अँब्युलन्सचं नाव काढलं की बाबा उसळायचे, "मला काय पार्सल करून नेतेस?"

मिस्त्रींनी हात पुसले आणि ते मागच्या सीटवर मधोमध जाऊन बसले. "तुम्ही चालवा. इथून दोन्ही चाकं सारखी ऐकू येतात."

गोदामांमागचा रस्ता रिकामा होता. गाडीने वेग घेतला तसा आवाज सुरू झाला. कुणीतरी ओठ मिटून, घशातल्या घशात काहीतरी गुणगुणत बसावं, तसा.

"आता जरा उजवीकडे घ्या."

गाडी वळली. भार डावीकडे गेला आणि आवाज एकदम मोठा झाला.

"झालं, सापडलं," मिस्त्री खुशीत म्हणाले. "भार पडला की बोंबलतं ते बेअरिंग गेलेलं. डावीकडचं आहे."

पाच वाजेपर्यंत त्यांनी ते बदललंसुद्धा. जुनं बेअरिंग बोटात धरून कानाशी फिरवलं. पुन्हा फिरवलं. ते लोण्यासारखं फिरत होतं, कसला आवाज नाही की खरखर नाही. दोघं पुन्हा गोदामांमागे गेली, आणि नव्या बेअरिंगवरही तेच गुणगुणणं तसंच चालू होतं.

परत आल्यावर मिस्त्री चाकाशी उकिडवे बसले. टायर आणि वरचा पत्रा यांच्यामधल्या फटीत त्यांनी बोटं आडवी घालून पाहिली. उजवीकडे चार बोटं मावली. डावीकडे तीन.

"स्प्रिंग बसली असेल," नर्सबाई म्हणाल्या.

"तेही पाहिलं. स्प्रिंग चांगली आहे." मिस्त्रींनी आवाज खाली आणला. "ताई, या डाव्या सीटवर रोज कोण बसतं?"

"कुणी नाही. माझी बॅग असते."

"बॅगेनं एवढी दबत नाही गाडी... आणि बॅग तर आत्ता तुमच्या खांद्याला आहे."

दोघांनी एकदमच आत पाहिलं. सीट रिकामी होती. मिस्त्रींनी डावं दार उघडलं. ग्रीस आणि रबराच्या वासात एक वेगळाच वास मिसळला, कित्येक वर्षं न उघडलेल्या ट्रंकेतल्या कपड्यांचा.

"बाबांना... इथे नका बसवू."

"मग कुठे बसवू? मागे पाय मावत नाही."

मिस्त्री क्षणभर डोकं खाजवत उभे राहिले. मग पाना घेऊन आत वाकले. चार नट काढले आणि सीटच उचलून बाहेर ठेवली. "घ्या. आता बाबा मागे बसतील, पाय या मोकळ्या जागेत लांब करतील. आणि बसायला जागाच नाही म्हटल्यावर..." पुढचं त्यांनी गिळलं.

तिसऱ्या फेरीत गाडी अगदी गप्प होती.

"बोटं घालून बघू?" परत आल्यावर मिस्त्रींनी विचारलं.

"नको," नर्सबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता बाबा गाडीत बसले. पुढची सीट गायब पाहून म्हणाले, "हप्त्याहप्त्यानं विकतेस की काय गाडी?" नर्सबाई हसल्या. त्यांनी पायाखाली दोन उशा नीट रचल्या. मग न राहवून चाकाशी वाकून बोटं घातली. डावीकडे तीन. पण बाबांचं वजन होतंच की. त्यांनी स्वतःची समजूत घातली आणि गाडी सुरू केली.

रस्ताभर आवाज नव्हता. अर्ध्या वाटेवर मोठा खड्डा आला, गाडी आदळली. नर्सबाईंनी चटकन विचारलं, "बाबा, लागलं का हो?"

"छे गं. पाय कसा अलगद राहिलाय. कुणीतरी मांडीवर घेतल्यासारखा."

त्यांनी डावीकडे नजर टाकली. दोन्ही उशा घसरून दारापाशी पडल्या होत्या. प्लास्टरचा जड पाय मात्र होता तिथेच होता, जमिनीपासून वीतभर वर.

नर्सबाईंनी नजर रस्त्यावर आणली ती घर येईपर्यंत हलवली नाही.

घराशी पोचल्यावर शेजाऱ्याच्या मदतीने त्यांनी बाबांना आतल्या खोलीत पलंगावर नेऊन निजवलं. शेजारी आपल्या घरी गेला. गाडीतल्या उशा आणायला त्या एकट्याच बाहेर आल्या. दार उघडलं. आत तो ट्रंकेचा वास नव्हता. त्या डाव्या चाकाशी वाकल्या. फटीत बोटं घातली.

चार. दुसरीकडे जाऊन पाहिलं. तिथेही चार. दोन्हीकडे अगदी सारखी.

त्यांचा जीव भांड्यात पडला. चाकाला टेकून त्या तिथेच खाली बसल्या आणि कितीतरी वेळाने मोकळा श्वास घेतला.

तेवढ्यात आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला. पाहुण्यांशी बोलायचा, तो अदबीचा आवाज.

"या ना, बसा... असे उभे का? इथे, पायाशी बसा."