अंधारातली हजेरी

"अगं, दिवा लावून किती वेळा बघशील त्याला? तुझ्या दिव्यानंच उठतो तो!" सासूबाई सांगून दमल्या. तिनं ते कधी मनावर घेतलंच नाही. दिवा लावल्याशिवाय बाळाचा श्वास नीट चाललाय की नाही, हे कळणार कसं?

आणि आज तिला समुद्राच्या पोटात दुसऱ्याच एका आईची पिलं बघायची होती.

खोल पाण्यातली एक जेली, म्हणजे छत्रीच्या आकाराची जेलीफिश, आपली पिलं त्या छत्रीखाली घेऊन फिरते, असा तिचा अंदाज होता. पण जाळ्यात धरलेल्या जेलीचा वर येईपर्यंत नुसता लगदा व्हायचा. म्हणून दोन माणसांच्या या छोट्या पाणबुडीतून खाली जायचं. पाणबुडी उद्या दुसऱ्या संशोधकांकडे जाणार होती. ही बुडी शेवटची!

पाणबुडी चालवणारे मामा सगळ्यांचेच मामा होते. पोट आवरून ते कसेबसे आपल्या जागेवर बसले.

"वर पोराची काळजी, खाली पिलांची. स्वतःची कधी करता हो?"

"सवड मिळाली की," ती हसली.

हिरवं पाणी निळं झालं, निळ्याचं जांभळं, आणि मग दौत सांडावी तसा काळोख. मामांनी दिवे लावले. काचेबाहेर पांढरे कण संथपणे झरत होते, आणि उजव्या हाताला पाण्याखालच्या कड्याची भिंत उभी होती.

"ती बघा!" ती ओरडली.

झोत पडताच जेलीनं छत्री मिटली आणि ती अंधारात सटकली.

"मामा, सगळे दिवे लावा. सगळे!"

उजेड भडकला. जेली आली नाही, कोळंब्या आल्या! करंगळीएवढ्या, हजारोंनी. काचेवर टपटप आदळू लागल्या. पाणबुडी ढकलणारे पंखे त्यांच्या गर्दीनं घरघरले, अडखळले आणि बंद पडले. प्रवाहानं पाणबुडी भिंतीकडे ढकलली. खर्रर्र! वर खडकाचं छत आलं होतं.

"वजनं सोडून वर जाऊ?" मामांचा आवाज चिरकला.

"नको! छताला चिकटून बसू. मग सुटका नाही."

घरी दुपारी बाळ उठेल. आई कुठंय म्हणून दाराकडे बघेल. तेवढ्यात सासूबाई कानाशी बोलल्यासारखं वाटलं. तुझ्या दिव्यानंच...

"मामा, दिवे बंद करा."

"डोकं ठिकाणावर आहे ना? भिंत दिसायची कशी?"

"आपल्या उजेडानंच आल्यात त्या. बंद करा!"

खटक्. गुडुप्प अंधार! मामा शीळ घालू लागले.

"घाबरलात?"

"छे! सवय आहे," मामा म्हणाले. शीळ मात्र भलत्याच सुरात गेली.

टपटप विरळ झाली. मग थांबली. मामांनी कळ दाबली. पंखे खोकले, पुन्हा खोकले... आणि फिरले! खडक जवळ आला की भराभर वाजणारं यंत्र होतं. त्याच्या टुकटुकीवर कान ठेवून मामा इंचाइंचानं मागं सरकले. टुकटुक मंदावली. छत सुटलं!

आणि समोर निळं कडं उजळलं. तीच ती जेली, स्वतःच्याच उजेडात!

तिचं बोट आपसूक दिव्याच्या बटणावर गेलं. एकच स्वच्छ फोटो, की सगळं सिद्ध! जेली उजळली, विझली, थांबली. छत्रीखाली एकेक इवला ठिपका लुकलुकला. एक पिलू मागं राहिलं होतं. आई पुन्हा उजळली. मग तेही लुकलुकलं.

"हजेरी घेतेय की हो!" मामा कुजबुजले.

तिनं बोट मागं घेतलं. अंधुक उजेडात चालणाऱ्या कॅमेऱ्यात काय येईल ते येईल.

वजनं सुटली, पाणबुडी वर आली. पडद्यावर दिसले ते धूसर ठिपके. जेलीचा आकारही धड कळत नव्हता. पण आईची हाक आणि पिलांची उत्तरं मात्र त्यात होती.

घरी पोचली तेव्हा पडदे ओढलेल्या खोलीत बाळ दुपारची झोप घेत होतं. तिचा हात बटणाकडे गेला. सासूबाई दारातून बघत होत्या. हात खाली आला.

"सोन्या," ती अगदी हळू म्हणाली.

"ऊं," अंधारातून आलं. कूस बदलली. पुन्हा संथ श्वास.

"शिकलीस हो," सासूबाई पुटपुटल्या आणि डोळ्यांना पदर लावून आत गेल्या.

तुमच्याही घरी पलीकडच्या खोलीत कुणी असेल. लहान असेल, म्हातारं असेल, नुसतंच गप्प गप्प असेल. आता हे पान मिटा आणि उठा. दिवा लावू नका. हळूच हाक मारा, आणि उत्तर येईपर्यंत थांबा.