सायकालचं दहावं गाणं

त्या गुरुवारी सकाळपासून आभाळ खाली उतरलं होतं. बर्फ पडत नव्हता, पण हवेला त्याचा वास येत होता. वारा इतका पडलेला, की धुराड्यांतून निघालेला धूर छपरांवर उभाच्या उभा थांबून राहिला होता. असानकुल म्हातारा अंगणात टोपलीत गोवऱ्या भरत होता.

गुरुवार म्हणजे तळणीचा दिवस. घरातलं माणूस गेलं की वर्षभर दर गुरुवारी, दिवस मावळायच्या आत, सात रोट्या चरबीत तळायच्या. तो वास गेलेल्यापर्यंत पोचतो आणि त्यावरच त्याचा आठवडा निघतो. रोट्या मग शेजारीपाजारी वाटायच्या. मार्चमध्ये दोलोन घाटात गाडी घसरली आणि असानकुलची एकुलती एक लेक सायकाल गेली. तेव्हापासून एकही गुरुवार त्याने चुकवला नव्हता.

टोपली उचलली तोच फाटकाशी गाडी थांबली. बिश्केकहून आइझिरेक आली होती, सायकालची मैत्रीण. सायकाल गाणी करायची आणि ही ती यंत्रावर टिपून घ्यायची.

"काका, आज चूल पेटवू नका," ती आत येता येता म्हणाली. "कढई चरचरली की यंत्रात येतं. सायकाल किती ओरडायची तुम्हाला, विसरलात?"

विसरेल कसा. गेल्या हिवाळ्यात पोरीने मागची खोली गाण्यासाठी घेतली होती. कुठल्या कंपनीच्या दारात उभी राहणार नाही म्हणाली, माझा अल्बम माझ्या घरात होईल. बाहेरचा आवाज आत येऊ नये म्हणून तिने घरात अंथरलेले सगळे लोकरीचे जाड नमदे भिंतींवर ठोकले, खिडकीवरसुद्धा.

"अगं, आम्ही गारठून मरू की."

"नाही मरत बाबा. गाणी ऐकत पडा, ऊब येईल."

नऊ गाणी पुरी झाली. दहाव्यात तिने मध्येच जागा सोडली होती, बापासाठी. मेंढी पिल्लाला जवळ करत नसली की असानकुल तिच्या कानाशी बसून एक चाल गुणगुणायचा, शब्द नसलेली. ऐकता ऐकता मेंढी निवायची आणि पिल्लाला आचळाशी घ्यायची. ती चाल तिला हवी होती.

"मी मेंढ्यांपुढे गातो गं, माणसांपुढे लाज वाटते."

"मग मला मेंढी समजा."

"बरं बरं. लोकर कातरून झाली की गातो."

लोकर कातरायच्या आधीच ती गेली.

"घाट दोन दिवसांत बंद होईल, मला अंधाराच्या आत निघायला हवं," आइझिरेक म्हणाली. "अल्बम याच आठवड्यात द्यायचाय. तुम्ही गायला नाहीत, तर ते गाणं गाळावं लागेल, काका."

"गुरुवार आहे गं," म्हातारा हळूच म्हणाला. "उपाशी राहील ती."

त्याने बराच वेळ टोपलीकडे पाहिलं, मग ती भिंतीशी ठेवून दिली.

मागच्या खोलीत भरदुपारी अंधार होता. जुन्या लोकरीचा, जरासा ओलसर वास. दार लागलं तसा बाहेरचा सगळा आवाज तुटला आणि त्याला स्वतःच्या छातीतली घरघर ऐकू यायला लागली. आइझिरेकने त्याच्या कानांवर हेडफोन चढवले.

आणि सायकाल गायली. अगदी जवळून, जणू मांडीवर डोकं ठेवून. दोन ओळी झाल्या, कोमुझच्या तारा थांबल्या. मग तिचा श्वास ऐकू आला. ती वाट बघत होती.

म्हाताऱ्याच्या तोंडून आवाज फुटेना. पुन्हा लावलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तिचा श्वास आला तेव्हा त्याने डोळे मिटले, अंधारात मेंढीची मान कुरवाळावी तसा हात पुढे करून फिरवला, आणि चाल आपसूक आली. कितीतरी वेळ तो गात राहिला. त्याची चाल संपली तिथे तिने पुढची ओळ उचलली.

"झालं, काका," आइझिरेक डोळे पुसत म्हणाली. "थांबा, एकदा ऐकते."

ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलला. "चूल पेटवली होती तुम्ही...?"

"नाही गं."

तिने हेडफोन त्याच्या हातात दिले. त्याचा आवाज होता, आणि त्याच्या मागे, भिंतीपलीकडून यावी तशी, कढईतली चरचर. थांबून थांबून. कोणी एकेक रोटी सोडत असावं तशी. त्याने बोटांवर मोजल्या... सात.

दोघं स्वयंपाकघरात गेली. चुलीत थंड राख होती. कढईतली चरबी गोठून पांढरी झाली होती, वर गेल्या गुरुवारच्या झाऱ्याची रेघ तशीच.

"मी... पुसून टाकते तो आवाज," आइझिरेक कुजबुजली.

"राहू दे. असू दे तिथंच."

ती चहालाही थांबली नाही. गाडी वळणाआड गेली आणि बर्फ पडायला लागला. म्हातारा चुलीपुढे बसून राहिला. दिवस मावळला होता, आता तळून उपयोग नव्हता. त्याला सायकाल आठवत होती, आई गेली त्या वर्षी तिच्या गुरुवारच्या रोट्या तळणारी. ओठांत गाणं, हात आपले चालू. त्या नादात मीठ घालायचं हमखास विसरायची. "तुझ्या हातची रोटी गाण्याशीच खावी लागते," तो म्हणायचा, आणि ती पिठाच्या हाताने त्याची दाढी ओढायची.

दार वाजलं. दोन महिन्यांपूर्वी शेजारी राहायला आलेली बुरमाकान उभी होती, डोक्यावरच्या रुमालावर बर्फ साठलेला. हातात निळ्या काठाची बशी होती. ती बशी सायकालची. मार्चपासून कपाटातून निघाली नव्हती. रिकामी परत देऊ नये म्हणून बुरमाकानने तीत मूठभर सुके जर्दाळू घातले होते.

"उंबऱ्यावर ठेवून गेलात, एक हाक तरी मारायची," ती म्हणाली. "रोटी गरम होती, पोरांनी तिथल्या तिथे संपवली. फक्त आज मीठ घालायला विसरलात बघा, असानकुल."