ओळखीची खूण

"चष्मा," ती म्हणाली. "काळ्या काड्यांचा. काल बसमध्ये राहिला."

बस आगारातल्या 'हरवलं-सापडलं'च्या खिडकीमागे कुणीतरी बसलं होतं. कुणीतरीच म्हणायचं, कारण चष्म्याशिवाय तिला दिसत होता फक्त एक निळा शर्ट आणि त्यावर धूसर चेहरा. आवाज मात्र स्वच्छ ऐकू येत होता... आणि छान होता.

"शोधतो. चाळीस सेकंद लागतील."

"चाळीस?"

"कॉम्प्युटर म्हातारा आहे हो. घाई केली की रुसतो."

पत्र्यावर पाऊस रिपरिपत होता. त्याने आपली खुर्ची खिडकीजवळ सरकवली. "चष्म्याशिवाय इथवर आलात कशा?"

"लोकांना धडकत."

"मला नाही धडकलात..."

"मध्ये खिडकी आहे ना!"

तो मनापासून हसला, आणि तेवढ्यात शोध संपला. चष्मा नव्हता.

आता खरं म्हणजे तिने निघायला हवं होतं. पण अडखळणारे डेटाबेस पळते करणं हेच तिचं पोटापाण्याचं काम, आणि सुताराला डुगडुगतं टेबल बघवत नाही. "मी आत येऊन बघू?" तिने विचारलं.

"बघाच! शुक्रवारी मोठे साहेब येतायत. शोध झटपट झाला नाही तर ही खिडकी बंद, आणि माझी बदली पार दुसऱ्या गावाला." तो हसतच बोलला, पण 'बदली' म्हणताना त्याचा आवाज जरा बसला.

तिने स्क्रीनला जवळजवळ नाक लावलं.

"वाचताय की हुंगताय?"

"गप्प बसा हो! चार लाख नोंदी आहेत इथे. वस्तू, रंग, तारीख, सगळं एकाच रकान्यात कोंबलंय. तुम्ही छत्री विचारलीत की हा बिचारा सगळं अथपासून इतिपर्यंत वाचतो. पुस्तकाच्या शेवटी सूची असते ना, तशी याला नाहीच. आणि हे 'छत्रि' कुणी लिहिलंय?"

"रात्रीच्या पाळीचे काका. त्यांचं शुद्धलेखन स्वतंत्र आहे."

मग ती रोज ऑफिस सुटल्यावर येऊ लागली. मंगळवारी ताईने कपाटातून तिचा जुना चष्मा शोधून दिला. "आता तरी नीट बघून चाल," ताई म्हणाली. ती नीट बघूनच आगाराच्या फाटकापर्यंत आली. तिथे तिने चष्मा काढला आणि पिशवीत ठेवून दिला. का? तर चष्मा नसला की स्क्रीनजवळ सरकावं लागायचं, आणि स्क्रीन त्याच्याजवळ होती. एवढी हुशार मुलगी, पण अक्कल गहाण पडली की पडली!

ती त्या कोंबलेल्या रकान्यातून एकेक गोष्ट वेगळी काढायची, कॉम्प्युटरला छत्री शोधायला लावायची आणि मग दोघं थांबून राहायची. त्या चाळीस सेकंदांत त्याने तिला काय काय सांगितलं! एकाच पायाचे अकरा बूट, एक कवळी, आणि रोज येऊन आपला हरवलेला तबला बघून जाणारे पण घरी न नेणारे आजोबा. बायकोला आवाज सहन होत नाही म्हणे. ती खुदकन हसायची, आणि तो आपलं सांगणं विसरायचा.

बुधवारी शोध अकरा सेकंदांवर आला.

"तुमच्या हुशारीपायी माझी वाक्यं अर्धवट राहतायत," तो म्हणाला.

"मग लहान वाक्यं बोला."

"लहान... जरा अवघड असतात."

तिची बोटं कीबोर्डवर तशीच राहिली.

गुरुवारी एकच ओळ लिहायची उरली. सूची तयार करायची ओळ. ती लिहिली की थांबणं संपलं, गप्पा संपल्या, यायचं कारणही संपलं. नाही लिहिली तर त्याची खिडकी बंद. तिला रडूच येत होतं. तरी तिने ती ओळ लिहिली.

शुक्रवारी संध्याकाळी ती पोचली आणि मागोमाग साहेब आले. "हं, शोधून दाखवा काहीतरी."

"चष्मा," तो म्हणाला, "काळ्या काड्यांचा."

ती दचकली. चार दिवस ती छत्र्याच शोधत होती, चष्म्याचं नाव काढायचं तिने टाळलं होतं. त्याने बटण दाबलं आणि पापणी लवायच्या आत नोंद समोर आली. काकांनी 'चश्मा' लिहिलं होतं. तिच्या नव्या सूचीत मात्र 'चष्मा' आणि 'चश्मा' एकाच जागी होते. साहेब खूश झाले, खिडकी राहिली.

साहेब गेल्यावर त्याने चष्मा आणला. "ओळखीची खूण सांगा. नियम आहे."

"डाव्या काडीला पांढरा दोरा."

"खूण पटली. इथे सही करा."

तिने सही केली. पाय उचलेना, तरी ती दाराकडे वळली.

"थांबा!" त्याने नवा फॉर्म ओढला. "मलाही नोंद करायचीय. एक व्यक्ती... अजून हरवली नाहीये, पण दाराकडे निघालीय."

ती मागे वळली. "ओळखीची... खूण?"

"पिशवीत चष्मा असून डोळे बारीक करून बघते."

"अगं बाई! कधीपासून माहितीय?"

"मंगळवारपासून. मागच्या खिडकीतून फाटक दिसतं."

तिने दोऱ्याचा चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच त्याला नीट पाहिलं. नाक जरासं वाकडं, कान लालबुंद. तिला तो फार आवडला. तिने त्याच्या हातातला फॉर्म घेतला, टेबलावर त्याच्याकडे फिरवून ठेवला आणि पेन पुढे केलं.

"खूण पटली," ती म्हणाली. "कर सही."